बुक्की मास्तरांचा हात

आमच्या हायस्कुलात मास्तर होते एकोणीस आणि छड्या होत्या अठरा. ज्यांच्याकडे छडी नव्हती ते ड्रिलचे मास्तर, आनंदराव खोत. या नावानं त्यांना गावात फारसं कुणी ओळखलं नसतं. बुक्की मास्तर म्हटलं की मात्र रंकाळ्यापासून उचगावापर्यंत कुणीही वाट दाखवली असती. लढाईच्या काळात पलटणीत असताना हा माणूस बॉक्सिंगमध्ये सगळ्या पलटणींत पहिला आला होता. कोल्हापुरात बॉक्सिंगला बुक्क्यांची कुस्ती म्हणत, म्हणून हे बुक्की मास्तर. पोरं तोंडावर म्हणत नसत, पण मास्तरांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. "बुक्की तर बुक्की. काय तरी नाव हाय न्हवं? कितीजणांस्नी तेवढंबी न्हाय," असं म्हणायचे.

आम्ही दोघं एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. मी नवाकोरा बी.ए. होतो. भुदरगडाच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी त्या काळी ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला सांगत असे. सांगायला लाज कसली? मास्तरांनाही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "झ्याक केलंसा. मग आता तुमास्नी बीएच म्हणायचं." तेव्हापासून मी त्यांच्या लेखी बीए झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

दिसायला मास्तर ठेंगणे आणि रुंद. नाक मधोमध दबलेलं, डाव्या भुवईवर आडवा व्रण, कान भाजलेल्या वांग्यासारखे चुरमडलेले. अशा माणसाचा हात हातात घेताना आपण जरा जपूनच पुढं करतो. पण मास्तरांचा हात हातात आला की चकित व्हायला होई. इतका ढिला, इतका हलका, की धरलाय की नाही कळू नये. चालताना दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. मैदानावर एखाद्या पोराचा खांदा वाकडा असला तर मास्तर तो शिट्टीच्या टोकानं सरळ करायचे. बोटानं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बीए, बंदूक घरात असली की पोरांच्या हाताला लागंल अशी ठेवत्यात का? मग?"

पहिल्याच वर्षी एका बड्या सावकाराच्या पोरानं भर मैदानावर त्यांची नक्कल केली. नाक बोटानं चपटं करून, छाती काढून चालून दाखवलं. सगळी रांग हसली. हेडमास्तरांनी व्हरांड्यातून ते पाहिलं, स्वतःची छडी शिपायाबरोबर मैदानावर पाठवली आणि मागून आपणही आले.

"खोत, चांगल्या बारा मारा याला. सगळ्यांसमोर."

मास्तरांनी छडी घेतली, नीट बघितली, आणि हेडमास्तरांना दोन्ही हातांनी परत दिली.

"साहेब, ह्यो हात भिंतीला लागंल, झाडाला लागंल. पोराला न्हाय लागायचा."

"अहो, शिस्त कशी राहायची मग?"

"ती माझ्याकडं लागली." आणि पोराकडं वळून म्हणाले, "नक्कल बरी हाय, पर पाय चुकालायत. माझं पाय असं पडत्यात. बघ." आणि दोन्ही हात मागं बांधून त्यांनी पोराभोवती अशी एक गिरकी घेतली, की पोरगं जिकडं वळेल तिकडं मास्तरांची पाठ. हेडमास्तरही हसले. ते पोरगं पुढं वर्षभर त्यांच्या मागं मागं असायचं.

पायांवरून आठवलं. स्टँडाजवळच्या हॉटेलात एका रविवारी आम्ही मिसळ खात बसलो होतो. शेजारच्या बाकावर भरमू नावाचा पैलवान होता. बाक त्याच्या एका मांडीखालीच संपला होता. तो हॉटेलभर ऐकू जाईल असा म्हणाला, "बुक्की मारायला काय अक्कल लागती? माझी म्हातारीबी मारती की. कुस्तीला डाव लागत्यात."

मास्तरांनी पाव संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "चला पैलवान, भाईर. मी हात मागं बांधतो. तुमी मला निस्तं धरायचं. धरलं की तुमी जिकला, आनि समद्यांची मिसळ माझ्यावर."

बाहेर रस्त्यावर खडूनं एक गोल काढला. बैलगाड्या थांबल्या. भरमू हात पसरून आला की मास्तर त्याच्या बगलेखालून पलीकडं. खाली वाकून आला की हे त्याच्या खांद्याला खांदा घासून मागं. दहा मिनिटांत तो हत्ती धापा टाकत गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. लोक ओरडत होते, "धर की रं! शेळीबी धरता येईना व्हय तुला?" शेवटी भरमूनंच हात जोडले. "पावणं, तुमच्या पायात काय तरी हाय बगा," म्हणाला. मास्तर त्याला घेऊन परत आत आले आणि त्याच्यासाठी दुसरी मिसळ मागवली. खाताना म्हणाले, "आता तुमच्या म्हातारीचा पत्ता द्या. तिच्याबरूबर येक फेरी कराय पायजे." भरमू इतका हसला की त्याला ठसका लागला.

हे पाय म्हातारपणी शिकलोय, असं मास्तर सांगत, तेव्हा त्यांचं वय पस्तिसाच्या आसपास असेल. तरुणपणी त्यांना मागं सरणं माहीतच नव्हतं. पलटणीतल्या गोऱ्या सार्जंटानं त्यांना शिकवलं एवढंच, की घंटा वाजली की पुढं जायचं. समोरच्यानं मारलं तर आणखी पुढं. बहुतेक लढती पहिल्या फेरीतच संपत. मास्तर कोपऱ्यातून निघाले ते समोरच्या कोपऱ्यातच जाऊन थांबायचे, मधे जो असेल तो आडवा.

कोल्हापुरात त्यांनी आपला खेळ दाखवला तो एकदाच. संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात. मी तेव्हा कॉलेजात इंटरला होतो. कुस्तीच्या मैदानातल्या मातीच्या हौद्यावर फळ्या टाकल्या होत्या, चार खांब रोवून दोर बांधले होते. समोरचा गडी होता पीटर म्हणून रेल्वेत काम करणारा एक किडकिडीत पोरगा, हुबळीकडचा. त्याला बघून लोक हळहळले. "आरं, ह्याच्या आईनं ह्याला कसा धाडला!" हलगीवाले आले होते, फेटे आले होते, गुलालाच्या पिशव्या आल्या होत्या. कुणालाही शंका नव्हती. एवढं मोठं मैदान भरलं होतं, पण बॉक्सिंगचा नियम ठाऊक असलेली माणसं त्यात चारसुद्धा नसतील.

नियम असा, की गडी पडला की उभ्या असलेल्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. मग पंच एक ते दहा मोजतो. पडलेला दहाच्या आत उठला तर खेळ पुढं चालू. आम्हांला कुठलं हे माहीत? कोल्हापूरच्या माणसाला एकच ठाऊक, पाठ लागली की निकाल. त्याच्यापुढं मोजायचं काय असतं?

पहिल्या फेरीत मिनिटभरातच मास्तरांचा उजवा हात बसला आणि पीटर फळ्यांवर उताणा पडला. चांगला चारी मुंड्या चीत. मैदानात असा आवाज झाला की झाडावरची पाखरं उठली. मास्तर नियमाप्रमाणं कोपऱ्याकडं निघाले होते, दोन पावलं गेलेही होते. तेवढ्यात शे-दीडशे माणसं दोराखालून आत घुसली. मास्तरांना उचललं, फेटा बांधला, मूठमूठ गुलाल तोंडावर फेकला. हलगी कडाडली. मास्तर वरून ओरडत होते, "सोडा! आरं सोडा! कुस्ती न्हाय ही!" कोण ऐकतो?

पंच होते बेळगावकडचे एक लष्करी साहेब. त्यांना मोजायला मिळालंच नाही, ते हातवारे करकरून लाल झाले. माणसं बाहेर काढायला पाच-सात मिनिटं गेली. तोवर पीटर उठला होता, पाणी प्यायला होता, कोपऱ्यात पाय झाडत उभा होता. पंचांनी मास्तरांचे डोळे बघितले. गुलालानं ते उघडत नव्हते.

"आँखें धो लो. दो मिनट देता हूँ," पंच म्हणाले.

"जरूरत नहीं, साब."

मी अगदी दोराला चिकटून होतो, म्हणून ऐकू आलं. नंतर घंटा वाजली आणि मास्तर नेहमीसारखे पुढं गेले. एक डोळा मिटलेला, दुसरा गळत असलेला. पीटर बाजूला झाला. परत पुढं गेले, तो परत बाजूला झाला. तिसऱ्या वेळी त्यानं मास्तरांच्या कानशिलावर डाव्या हाताचा असा एक ठोसा मारला, की मास्तर झाड तुटल्यासारखे तोंडावर पडले. पंचांनी दहा मोजले. हलगीवाल्याची काठी वरच्या वर राहिली होती.

आणि त्या शांततेत मागून एकजण ओरडला, "पाठ कुठं लागलीया? पालथा पडलाय की! न्हाय पडला बुक्कीवाला, न्हाय पडला!" झालं, सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. कुस्तीत पालथा पडलेला गडी हरलेला नसतो, हे खरंच आहे. पंचांना घेराव पडला. त्या लष्करी साहेबाला आम्ही काय म्हणतोय तेच कळेना. मास्तर शुद्धीवर येऊन उठले, पीटरकडं गेले, त्याचा हात धरून वर केला, आणि लोकांना हात जोडले. "मी हरलोय. घरला जावा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं हा माणूस बोलावतील तिथं जाऊन लढला. पुणं, बेळगाव, मुंबई, मिरज. पुढं जाऊनच लढला. "मला वाटालतं, येक मोठी जिकलो की ती पुसंल," ते मला एकदा म्हणाले. "लई जिकलो की त्येच्यानंतर. पुसली न्हाय. आनि जिकतानाबी खाल्लंच की डोस्क्यावर." शेवटी एका लढतीनंतर सबंध दिवस त्यांना स्वतःच्या गावाचं नाव आठवेना. तेव्हा त्यांच्या बायकोनं, गंगाक्कानं, हातमोजे चुलीत घातले आणि मास्तर आमच्या शाळेत आले.

पहिली तीन-चार वर्षं काही जाणवलं नाही. मग शब्द जड व्हायला लागले. एक ऑर्डर दिली की तीच पुन्हा देत. पोरांची नावं जिभेवर येता येता परत जात. सकाळच्या प्रार्थनेला एकदा ते रांगेत उभे असताना थोडे झुलले. तो दारूबंदीचा काळ. गावात लगेच झालं, बुक्की मास्तर हातभट्टीची घेतोय. स्टाफरूममध्ये ते आत आले की बोलणं थांबायचं. एक दिवस हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपटावर सही करत होतो.

"खोत, वाईट वाटून घेऊ नका. पण पालक येऊन बोलतात. तुम्ही काही... घेता का?"

मास्तर टेबलाला वळसा घालून हेडमास्तरांच्या अगदी समोर गेले, वाकले आणि तोंड उघडलं. "हुंगा."

"अहो, असं काय..."

"न्हाय, हुंगा साहेब. रोज सकाळी हुंगा. हजेरीच्या आदी हुंगा. पर भाईर कुणी काय म्हणालं तर सांगा, मी हुंगलंय म्हणून."

हेडमास्तर भले माणूस होते. त्यांनी खरोखर तोंड पुढं केलं, वास घेतला आणि म्हणाले, "कांदा आहे." पुढं कुणी कुजबुजलं की ते स्वतः सांगत, "मी हुंगलंय."

नंतर मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी बरंच तपासलं. चालायला लावलं, बोटाला बोट लावायला सांगितलं. मग म्हणाले, डोक्याला मार बसून बसून आतून झीज झालीय, औषध नाही, वाढत जाईल. राग आवरणं अवघड होईल. मास्तरांनी विचारलं, "म्हंजे किती फेऱ्या ऱ्हायल्यात?" डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

उचगावातल्या त्यांच्या शेजाऱ्यांचं म्हणणं, हे बाहेरचं आहे, नृसिंहवाडीला नेऊन बसवा. मास्तर देवभोळे होते, वाडीला जाऊन दर्शन घेऊन आले. पण बसायला तयार झाले नाहीत. "देवानं मारलं व्हय मला ठोसं? माणसांनी मारल्यात. देवाला कशाला तरास?"

त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. पोरांची नावं वर्गवार एका वहीत उतरवून घेतली आणि रोज पाठ करायला लागले. गंगाक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती निपाणीच्या खालच्या अंगाची, बोलताना मधूनच कानडी यायचं. तिनं काय केलं, मास्तर वाचत असताना ऐकून ऐकून चार वर्गांची नावं रांगांसकट तोंडपाठ केली. मी एका रविवारी गेलो तर ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि मास्तर समोर पाटावर ताठ बसलेले.

"आठवी ब. दुसऱ्या रांगंत तिसरा?"

"...पाटील."

"पाटील धा हायत. कुठला?"

"थांब की! येतंय. ...वडणग्याचा. शिवाजी."

"त्याच्या मागं?"

तिनं भाकरी उलटली, फुगली, उतरवली. पण उत्तर तिनं सांगितलं नाही.

"तांबोळी," मास्तर म्हणाले. घाम आला होता.

"हं. आता खावा."

जेवण झाल्यावर ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. तिथं म्हणाले, "बीए, नावं जातील. जाऊ देत. त्येचं मला काय वाटत न्हाय. गंगीला वाटतंय म्हणून म्हणतोय मी. पर कुणी मागनं आवाज दिला की आता हात आपला आपण वर येतोय. मी खाली घालतोय. येक दिस माझं ऐकणार न्हाय त्यो. शाळंत चारशे पोरं हायत."

"मास्तर, तुम्ही कधी पोराला बोटसुद्धा लावलं नाही."

"न्हाय लावलं ते मी. म्होरला कोण असंल कुणाला ठावं."

तरीही त्यांनी शाळा सोडली नाही. घरी बसलो की लवकर संपेन, असं त्यांना वाटत होतं आणि ते खरंही असावं. त्यांनी स्वतःला नेम घालून घेतले. पोरांपासून चार पावलं लांब उभं राहायचं. पाठीमागं भिंत ठेवायची. मधल्या सुट्टीत मैदानावर जायचं नाही. रोज सकाळी उचगावाहून चालत यायचं, मोटारीनं नाही, म्हणजे अंगातली रग वाटेतच उतरेल. सव्वा वर्ष त्यांनी हे सगळं पाळलं. मी रोज बघत होतो.

रंगपंचमीच्या दिवशी शाळा सकाळची होती. पोरं खिशातून रंग घेऊन आलीच होती. शाळा सुटली, मास्तर भिंतीला पाठ लावून व्हरांड्यात उभे होते. सातवीतलं एक पोरगं खांबाआडून आलं आणि हसत हसत त्यांच्या तोंडावर मूठभर रंग टाकला. प्रेमानंच टाकला. त्या दिवशी सगळ्यांना रंग लागला होता आणि मास्तर तेवढे कोरे राहिले होते.

मी पाच हातांवर होतो. मास्तरांचा हात मला दिसला नाही. आवाज ऐकू आला. व्हरांड्याच्या दगडी खांबावर त्यांची मूठ बसली होती आणि त्याच्या खाली ते पोरगं दोन्ही हात डोक्यावर घेऊन उकिडवं बसलं होतं.

मास्तरांच्या बोटांची दोन हाडं मोडली. हेडमास्तर धावत आले. मी सांगितलं, मास्तरांनी ऐन वेळी हात फिरवला, पोराला वाचवलं. सगळे तसंच म्हणाले. मलाही तसंच दिसलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. पोराचा बाप संध्याकाळी येऊन मास्तरांच्या पाया पडून गेला. हेडमास्तर म्हणाले, गोष्ट इथंच संपली.

दुसऱ्या दिवशी हाताला फळी बांधून मास्तर माझ्या खोलीवर आले. "बीए, अर्ज लिवा. नोकरी सोडायचा."

मी खूप समजावलं. ऐकेनात. शेवटी कागद घेतला. मला चांगलं लिहिता येतं, याचा मला अभिमान होता. मी लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव सेवा करणे अशक्य झाल्याने', आणि वाचून दाखवलं.

"ह्ये खोडा. खरं लिवा."

"खरंच आहे की."

"न्हाय. लिवा, काल मी पोराला मारलं. पोरगं खाली बसलं म्हणून वाचलं. मी हात फिरवला न्हाय. माझा हात माझ्या ताब्यात ऱ्हायला न्हाय, म्हणून मी जातोय."

"अहो मास्तर, सगळ्यांनी बघितलंय की तुम्ही..."

"समद्यांनी भाईरनं बघितलंय. हात माझ्या खांद्याला हाय."

माझ्या हातात टाक तसाच राहिला. आणि मग जे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं ते बाहेर आलं. मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी कुस्तीच्या मैदानात तुमच्यावर गुलाल टाकणाऱ्यांत मीही होतो. उजव्या बाजूनं. मूठ भरून. तुमचा डोळा बहुतेक माझ्याच गुलालानं मिटला."

मास्तर हसले. त्या दबलेल्या नाकावर हसू आलं की चेहरा सगळा रुंद व्हायचा.

"म्हणून व्हय मला दवाखान्यात नेलंसा?"

मी मान खाली घालून कागद सरळ केला.

"आवो बीए, गुलाल शे-दीडशे माणसांनी टाकलाता. त्यो साहेब डोळं धू म्हणाला. घागर म्होरं हुती. मी न्हाय म्हणालो. ती 'न्हाय' माझी हाय. माझी मला ऱ्हाऊ द्या, वाटून घेऊ नगा. लिवा आता."

मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. शुद्धलेखन तेवढं माझं. हेडमास्तरांनी अर्ज वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

पुढची दोन वर्षं मी उचगावला जात राहिलो, पण अंतर वाढत गेलं. माझं लग्न झालं, बदलीच्या शाळेत गारगोटीला गेलो. मधेच कुणी सांगे, मास्तर आता कुणाला ओळखत नाहीत. कुणी म्हणे, भावकीतल्यांनी वेड्यांच्या इस्पितळात घालायचं ठरवलं होतं, तर गंगाक्का विळा घेऊन दारात उभी राहिली. कुणी म्हणे, मास्तरांनी म्हशी राखायला घेतल्यात, आणि हसत.

शेवटचं भेटलो ते दिवाळीच्या सुट्टीत. दिवस कलायला आला होता. गंगाक्का अंगणात शेणकूट थापत होती. मला बघून उठली. "या. गोठ्यात हायत. धार काढालेत."

"मास्तर? धार?"

"मग काय मी?" ती म्हणाली. "त्येनीच सांगितलं, हाताला काय तरी काम दे, मऊ. शेजारीण म्हणाली, म्हशीला मारून टाकतील. म्हटलं, बघू तर. पयल्या दिवशी म्हशीनं लाथ हाणली. तर हे उठलं, भिंतीकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं, दिवस मावळंपतोर. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर परत तिच्या खाली जाऊन बसल्यालं."

मी गोठ्याच्या दाराशी गेलो. मास्तर उकिडवे बसले होते. केस पांढरे झाले होते, मान थरथरत होती. मोडून वाकडी जुळलेली दोन बोटं बाजूला ठेवून उरलेल्या बोटांनी ते धार काढत होते. चरवीत दुधाला फेस आला होता. माझी सावली पडली तशी त्यांनी वर बघितलं.

"कोण पावणं?"

"मी बीए, मास्तर."

"बसा," ते म्हणाले. 'बीए' या शब्दाचा त्यांना काही अर्थ लागल्याचं दिसलं नाही. "अर्ध्यावर आलोय."

मी दाराशीच थांबलो. माझ्या वहाणेचा आवाज झाला असेल, नाहीतर म्हैस अनोळखी माणसाला बुजली असेल. तिनं मागचा पाय उचलला आणि सपकन् मारला. खूर मास्तरांच्या दंडावर बसला. चरवी कलंडली, दूध शेणात गेलं. मास्तरांचा उजवा हात वर आला. मी बघत होतो. मूठ वळलेली, खांदा मागं गेलेला, पंधरा वर्षांपूर्वी असेल तसाच. गंगाक्का माझ्या मागं येऊन उभी होती. ती हललीसुद्धा नाही.

हात तिथं बराच वेळ राहिला. मास्तरांच्या कपाळावरची शीर फुगली होती, दात आवळलेले. मग मूठ सुटली. एकेक बोट करून सुटली, वाकडी दोन सगळ्यांत शेवटी. त्यांनी तो उघडा हात म्हशीच्या पोटावर ठेवला आणि कपाळही तिथंच टेकवलं.

"व्हय, व्हय," ते तिला म्हणाले. "पावणं हायत."

आणि कलंडलेली चरवी त्यांनी सरळ केली, गुडघ्यांत धरली आणि परत धार काढायला लागले.